संभाशेट वसईस मेले नाहीत, सबब

॥ श्री कालिका प्रसन्न ॥

शके १७१६, आनंदनाम संवत्सर, आश्विन वद्य पंचमी. मुक्काम पुणे, कसबा पेठ, तांबट आळी.

मी तुळजाबाई, तांबटांच्या घरची, माझ्यामागे भांडण होऊ नये, आणि झालेच तर माझ्या बाजूने काय म्हणायचे ते सर्वांस ठाऊक असावे, म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी कोणी लिहीत नाही. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. या घरात मला धाक घालील असा एकच माणूस होता, त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली.

कोणाची कोण हे लिहिल्याशिवाय कागद चालत नाही म्हणतात. तर दिगंबरशेट तांबट यांची बायको. तोंडाने हे नाव उखाण्याखेरीज घेतले नाही. लिहायला हरकत नाही, जन्मभर भांड्यांवर घातलेच आहे. माझ्या बापाने मला विद्या दिली ती तेवढीच: खिळा आणि लहान हातोडी घेऊन भांड्यावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव घालणे. मोडी येत नाही, बाळबोध येते. तांब्यावर शाई ओघळत नाही, कागदावर ओघळते, तेव्हा डाग पडले तर म्हातारीचा हात कापत होता असे भावजींनी म्हणू नये. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर धोंडशेट. त्यांचे नाव पुढे पुष्कळ येईल.

या पत्राचे मुख्य कारण माझी नातसून आनंदी हिच्या बांगड्या. भांडीकुंडी त्याच्या ओघाने येतील.

कलम पहिले, माधवाविषयी.

माझा मुलगा व सून देवीच्या साथीत गेली. त्यांचा माधव आम्ही वाढवला. आम्ही म्हणजे मी आणि धोंडभावजी, हे लिहिलेच पाहिजे, कारण ठोका कसा मारावा हे त्याला भावजींनी शिकवले आणि थपडा मी मारल्या. चार वर्षांमागे तो फौजेबरोबर हिंदुस्थानात गेला. लढायला नाही. नगाऱ्याचे भांडे तांब्याचे असते, ते चेपते, फुटते, म्हणून फौजेला तांबट लागतो. गेल्या वैशाखात त्याच्या गोटातला एक माणूस आला. त्याने माधवाचे पागोटे आणले आणि सांगितले, छावणीत पटकीची साथ झाली, पुष्कळ माणसे गेली, त्यांत हाही गेला असावा.

मी विचारले, "तू पाहिलास?"

"नाही, आजी. मी दुसऱ्या तळावर होतो. पागोटे मिळाले ते आणले."

भावजी ओसरीवर बसले आणि रडले. खोटे रडले नाहीत. दहा दिवस जेवले नीट नाहीत. अकराव्या दिवशी म्हणाले, "वहिनी, पोर उपाशी भटकत असेल. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू, पिंड देऊ, त्याला वाट मोकळी करू. आणि आनंदीचे जे करायचे ते करू."

जे करायचे ते म्हणजे बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे आणि तिला मागल्या खोलीत बसवायची. आनंदी तेव्हा पीठ चाळत होती. तिने चाळण थांबवली नाही, पण पीठ संपले होते आणि ती नुसती चाळण हलवत होती.

मी म्हटले, "पागोटे म्हणजे माणूस नव्हे."

भावजी म्हणाले, "आपल्या घरात तांब्यावरून केले होते. तेव्हा कोणी काही म्हटले नाही."

ही गोष्ट त्यांनीच काढली. मी काढली नव्हती. येथून पुढे जे झाले त्याचा बोल मला लावू नये.

कलम दुसरे, तांब्या.

माझे आजेसासरे संभाशेट. मी त्यांना पाहिले नाही. वसईच्या मोहिमेत नगारे ठोकायला गेले आणि शके १६६१ च्या वैशाखात, किल्ला घेतला त्या वेळी, सुरुंगात मेले, असे आमच्या घरात सांगत. कोणी पाहिले? कोणी नाही. त्यांचा पाणी प्यायचा तांब्या एकाने घरी आणून दिला. त्यावर संभा असे नाव. फौजेत माणूस तांब्या सोडत नाही, तांब्या आला म्हणजे माणूस गेला, असा सर्वांनी हिशेब केला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे संभाशेटांच्या मुलाने, महिन्याच्या आत मुठेच्या काठी पुतळा जाळला.

संभाशेटांची बायको सरुबाई. तिला आम्ही थोरली आई म्हणत असू. तिने बांगड्या फोडू दिल्या नाहीत. "पुतळा तुमचा, बांगड्या माझ्या," एवढेच बोलली. आळीने तिला कालिकेच्या ओटीला बोलावणे बंद केले. नवरात्रात सगळ्या सवाष्णी ओट्या घेऊन ओळीने निघत आणि थोरली आई दारात उभी राहून बघे, हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. मी लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांची होते. मला वाटे, ही बाई वेडी आहे. स्वयंपाक मात्र उत्तम करी.

शके १६७२ त ती गेली, तेव्हा तिरडीवर तिच्या बांगड्या दगडाने फोडल्या. का, तर विधवा बाई चुड्यासकट नदीवर गेली तर घराला दोष. मी पंधरा वर्षांची होते. काचा वेचायचे काम माझ्याकडे आले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तर तो तांब्या अजून माझ्याकडे आहे. तो धोंडभावजींना द्यावा. त्यांनी त्यातून रोज पाणी प्यावे. भांडे चांगले आहे, गळत नाही. फक्त एवढेच की ते भांडे आहे.

कलम तिसरे, आंघोळीचा हंडा. हे कलम लांब आहे, वाचणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावे.

वैशाख सरता सरता भावजींनी माधवाच्या वाट्याची भांडी वजन करायला काढली. त्याची वाटणी म्हणजे आता आनंदीची नव्हे, घराची, असे त्यांचे म्हणणे. शास्त्र त्यांच्या बाजूने असेल, मी शास्त्र शिकले नाही. त्यांत आंघोळीचे पाणी तापवायचा मोठा हंडा होता. तांबट माणूस काजळीसकट वजन करत नाही, काजळीचे वजन तांब्याच्या भावाने धरले जाते. म्हणून भावजींनी हंडा उपडा केला आणि मला म्हणाले, "वहिनी, जरा बूड खरवडून द्या."

पन्नास वर्षे तो हंडा चुलीवर होता. बुडाला राखेचा लेप आणि त्यावर काजळी. आत घासतात, बाहेर घासतात, बूड कोणी घासत नाही. मी चिंच, मीठ आणि वीट घेऊन बसले. खरवडता खरवडता बोटाला ठिपके लागले. ठिपके माझ्या बोटांना लगेच कळतात. आनंदीला म्हटले, "पाणी ओत." आणि वाचले: चौल. दिगंबर व तुळजा यांसी. संभा.

मी मोठ्याने हसले. आनंदी घाबरली. तिला वाटले, आजी गेली कामातून.

"अगं," मी म्हटले, "हा हंडा माझ्या लग्नात आला. थोरल्या आईच्या माहेरून, चौलाहून, असे सांगितले होते. माझे लग्न शके १६६६ त. संभाशेट मेले १६६१ त. मेलेला माणूस नातवाच्या लग्नाला हंडा ठोकून पाठवतो काय?"

आनंदी हुशार आहे. म्हणाली, "आधीच करून ठेवला असेल, आजी."

"मग माझे नाव कसे घातले? माहेरी मी भिकी. तुळजा हे नाव या घरात ठेवले, आणि ठेवले ते थोरल्या आईने. तांदळाच्या ताटात नाव लिहीपर्यंत नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हते. आणि हंडा त्याच दिवशी, नाव घातलेला, बैलावरून येऊन उतरला. तिने कोणाला तरी आधी कळवले होते."

मग आम्ही दोघींनी तांब्या आणला आणि हंड्याजवळ ठेवला. भांड्याला उठाव यावा म्हणून आम्ही ठोक्यांच्या ओळी घालतो, त्याला मठार म्हणतात. माणसाच्या चालीसारखी प्रत्येकाची मठार निराळी. तांब्यावर आणि हंड्यावर एकच हात होता, दर ओळीत शेवटचा ठोका किंचित डावीकडे. मी भावजींना हाक मारली. त्यांनी हंडा दारात उजेडाला धरला, पुष्कळ वेळ बघितला आणि म्हणाले, "हात एकच आहे." मग म्हणाले, "पण वहिनी, एवढ्याने काय होते?"

"होते काय ते चौलास जाऊन बघते," मी म्हटले.

हा हंडा आनंदीला द्यावा. वजन करू नये.

कलम चौथे, चौलास गेले त्याविषयी. यात देण्याघेण्याचे फार नाही, पण हे नसले तर बाकीच्या कलमांना पाया नाही.

आमच्या शेजारी रज्जाकभाई कल्हईवाले. दर साल घाटाखाली कल्हई करायला जातात, बरोबर त्यांची बायको नसीम असते. मी देवीचा नवस बोलले आहे असे आळीत सांगितले आणि त्यांच्या बैलांबरोबर निघाले. नवस खरोखरच बोलले होते, निघायच्या आदल्या दिवशी. सातूचे पीठ आणि गूळ माझा माझा नेला. बोरघाट उतरताना मी नसीमचा हात धरला तो चौलापर्यंत सोडला नाही. ती म्हणाली, "आजी, आता सपाट आहे." मी म्हटले, "असू दे, सवय झाली."

चौलात तांबटांची चार घरे उरली आहेत. एका ओटीवर बयोबाई नावाची म्हातारी सुपारी कातरत बसली होती, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी असेल. मी विचारले, "येथे संभाशेट म्हणून कोणी तांबट होते काय? पुण्याहून आलेले?"

"बहिरा संभा?" ती म्हणाली. "तू कोण त्याची?"

"नातसून."

"मग एवढी वर्षं कुठं होतीस?"

"आंघोळ करत होते," मी म्हटले. तिला कळले नाही. मला फार मजा वाटली.

तिने सांगितले ते असे. सुरुंग उडाला तेव्हा संभाशेट जवळ होते. कान गेले आणि एक पाय दुखावला. तांब्या त्यांनी कोणा तहानलेल्याला पाणी पाजायला दिला होता, तो माणूस कोठे गेला हे त्यांनाही कळले नाही. कोळ्यांनी त्यांना होडीत घालून चौलास आणले, कारण मूळ घर येथले. पावसाळाभर पडून होते. दिवाळीनंतर काठी टेकत घरी निघाले आणि खंडाळ्यापर्यंत आले. तेथे आपल्याच आळीतला एक जण उतारावर भेटला. तो यांना पाहून "भूत, भूत" करीत बैल टाकून पळाला. मग धर्मशाळेतल्या लोकांनी खुणांनी सांगितले, बाबा, तुझा पुतळा जाळला, तुझे तेरावे झाले, तुझ्या मुलाने डोके भादरले.

बयोबाई म्हणाली, "आम्ही त्याला विचारायचो, हातवारे करून, बाबा, घरी का जात नाहीस? तर म्हणायचा, घरी मी मेलोय. जिवंत झालो तर पोराला बाप जाळल्याचं पाप."

असे ते परत फिरले.

"आणि त्याची बायको?" मी विचारले.

"ती यायची की! माहेरच्यांनी गुपचूप निरोप धाडला होता, मग दर माघात. हिरवा चुडा भरून, डोक्यावर टोपली घेऊन. महिनाभर राहायची. एवढी बोलायची त्याच्याशी, एवढी बोलायची, आणि त्याला एक अक्षर ऐकू येत नसे. आम्ही हसायचो."

येथे मला लिहिताना थांबावे लागले, कारण हसू आले. थोरली आई दर माघात चौलास देवीला जात असे हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. आळीतल्या बायका म्हणत, जाऊ द्या, पापाचे क्षालन करते आहे बिचारी. माझे सासरे स्वतः तिला वेशीपर्यंत पोहोचवीत. आणि ही बाई टोपलीत लाडू घेऊन नवऱ्याकडे जात होती! परत आल्यावर मान खाली घालून दारात उभी राहायची आणि ओटीची ओळ बघायची. काय नजर होती तिची, आता मला कळते.

तिने मुलाला का सांगितले नाही याचे उत्तर संभाशेटांच्या बोलण्यात आहे, मी वेगळे लिहीत नाही.

संभाशेटांनी चौलात काय केले? भांडी केली. वसईहून आणलेली एक मोठी फिरंगी घंटा तेथल्या देवळात टांगायची होती. आत उभे राहून कड्या बसवायच्या आणि वरून लोक घंटा वाजवून बघणार, असे काम, कोणी घेईना. बहिऱ्या माणसाला काय! ते काम त्यांनी केले. मी ती घंटा वाजवून आले. नसीम बाहेर उभी होती, म्हणाली, "आजी, बस करा, गुरव बघतो आहे."

आणि मेले कसे? थोरली आई गेली हे त्यांना कोणी कळवले नाही, कारण तिच्या माहेरचे तोवर कोणी उरले नव्हते आणि कळवायचे कोणाला हे कोणालाच ठाऊक नव्हते. दोन माघ त्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या माघाच्या शेवटी बयोबाईला म्हणाले, "आता ती यायची नाही." त्या चैत्रात जेवून उठले, हात धुतला, ओटीवर बसले आणि पान लावता लावता गेले. तेथल्या तांबटांनी अग्नी दिला. वद्य षष्ठी.

म्हणजे सरुबाई मेली तेव्हा तिचा नवरा जिवंत होता, धडधाकट होता, एका पायाने जरा कमी. ती सवाष्ण मेली.

कलम पाचवे, श्राद्ध.

सबब, सरुबाईचे श्राद्ध यापुढे अविधवा नवमीस घालावे, सवाष्ण जेवू घालून, आणि ती सवाष्ण आनंदी असावी. संभाशेटांचे चैत्र वद्य षष्ठीस. वैशाखातले बंद करावे. इतकी वर्षे ते वैशाखातले पिंड कोणी खाल्ले असतील ते देवाला ठाऊक. कावळे तर वेळेवर येत.

कलम सहावे, भावजींचे माझ्याशी भांडण.

चौलाहून आल्यावर मी हे सर्व सांगितले. भावजी म्हणाले, "म्हणजे माझ्या बापाने त्याच्या बापाला जिवंतपणी जाळले, असे तुम्ही आळीत सांगणार?"

"पुतळा जाळला."

"एकच ते!"

"एकच कसे? पुतळा जळाला. माणूस चौलास घंटा टांगत होता."

ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घरात हे काही मोठे नाही, एकदा लोणच्यावरून महिनाभर बोलले नव्हते. चौथ्या दिवशी म्हणाले, "बाबा भला माणूस होता, वहिनी." मी म्हटले, "होता. मलाही कधी टाकून बोलले नाहीत. चूक भल्या माणसाने केली म्हणून लहान होत नाही." सासऱ्यांची लाज राखावी असे मलाही वाटते. पण मेलेल्या माणसाची लाज एकीकडे आणि जिवंत पोरीचे हात एकीकडे, तर मी हात धरते.

कार्तिकी पौर्णिमेस कालिकेच्या देवळात आळीची बैठक बसून माधवाच्या पुतळ्याचे ठरणार आहे. तोवर मी असले तर स्वतः बोलेन. नसले तर हे पत्र तेथे मोठ्याने वाचावे, आणि चौथे कलम गाळू नये.

कलम सातवे. सदाशिव पेठेत एक शास्त्रीबोवा आहेत, त्यांचे मत मी घेतले आहे. त्यांची समई दुरुस्त करून दिली होती, तिची मजुरी येणे होती, तिच्या बदली मत घेतले.

मी विचारले, "नवरा परमुलखात बेपत्ता झाला तर किती वाट पाहायची?"

"बारा वर्षे. त्याआधी पुतळा जाळणे म्हणजे उतावळेपणा."

"आणि उतावळ्यांनी जाळला, आणि मग माणूस आला तर?"

"तर तो मेलेला आहे. त्याला पुन्हा जन्मावे लागते. तुपाच्या कुंभात बुडवून काढायचा, मग जातकर्मापासून सगळे संस्कार, बारसे, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"एवढ्या मोठ्या माणसाला बुडवायला तूप किती लागेल हो?"

"बाई, बुडवायचा आहे, तळायचा नाही. थोडे तूप, बाकी कोमट पाणी. कलियुगात चालते."

"मग संभाशेटांना असे का कोणी सांगितले नाही?"

शास्त्रीबोवा म्हणाले, "ऐकू येत नव्हते ना त्यांना?" पुण्याचे शास्त्री असेच बोलतात. पण मग म्हणाले, "सांगायला घरचे माणूस घाटापर्यंत जावे लागते."

कलम आठवे, माझी बाकीची चीजवस्तू.

मागली खोली व तिच्यापुढचे तुळशीचे अंगण यजमानांनी आळीच्या देखत माझ्या नावाने करून दिले आहे. ते आनंदीला हयातभर. तेथे तिला बसवायचे नाही, ती राहील. हा फरक समजून घ्यावा.

नाव घालायचा खिळा व हातोडी आनंदीला. तिला अक्षरे शिकवली आहेत. हात माझ्याहून चांगला आहे, हे तिला सांगितलेले नाही.

पानदान नसीमला. तिने नको म्हटले तरी द्यावे. नसीम, घाटात तुझा हात दुखवला, त्याबद्दल नव्हे, पान तूच चांगले लावतेस म्हणून.

माझी जाऊ, धोंडभावजींची बायको, हिला माझी पैठणी. एक काळ असा होता की ती मी नेसले की हिला ताप येई. आता उतरेल.

देवघरातली भांडी देवाची आहेत. त्यावर नाव घालू नये.

कलम नववे व शेवटचे.

चौलाहून आल्यावर मी माझे सोन्याचे दोन गोठ व पुतळ्यांची माळ मोडली आणि तांबे घेतले. भाद्रपदात एक घंगाळ करवून घेतले. पत्रा आळीतल्या माणसांनी ठोकला, मठार आनंदीने घातली. बायका मठार घालत नाहीत असे भावजी दारातून म्हणाले, आणि मग आत येऊन तिला हातोडी कोठे धरायची ते दाखवून गेले. घंगाळ एवढे मोठे आहे की ते दारातून आडवे जात नाही, उभे करून न्यावे लागते. मोठ्या माणसाला आत मांडी घालून बसता येते. मी बसून पाहिले. आनंदीने आणि नसीमने मिळून मला बाहेर काढले, तेव्हा आम्ही तिघी इतक्या हसलो की रज्जाकभाई काय झाले म्हणून धावत आले.

हे घंगाळ विकू नये, मोडू नये, लग्नाकार्याला भाड्याने देऊ नये.

आळीने बारा वर्षे वाट पाहायचे ठरवले तर उत्तम. घंगाळात धान्य ठेवावे. माधव परत आला तर धान्य काढावे, एवढेच.

आळीने न ऐकता पुतळा जाळला, तरी आनंदीच्या बांगड्यांना कोणी हात लावू नये. आणि त्यानंतर कोणी खंडाळ्याहून, नाशकाहून, कोठूनही, माधवासारखा माणूस पाहिला असे सांगत आले, तर भूत भूत म्हणून ओरडू नये. घरच्या माणसाने उठावे आणि घाटापर्यंत जावे. त्याला सांगावे, बाबा, तू मेला आहेस, पण घरी तुझे घंगाळ तयार आहे, पाणी तापवले आहे, चल. तुपासाठी मी वेगळे ठेवले आहे, आनंदीला ठाऊक आहे. बारशाला नाव माधवच ठेवावे, नवीन शोधत बसू नये. लग्नात आनंदीने नवा शालू घ्यावा, जुन्यावर भागवू नये, नवरी आहे.

आणि बारा वर्षांनंतरही तो आला नाही, तर पुढे काय करायचे ते आनंदीने ठरवावे. तिने, आणखी कोणी नाही. घंगाळ तिचे आहे.

मला त्याबद्दल काय वाटते असे कोणी विचारले नाही, पण लिहिते. तो येईल की नाही मला ठाऊक नाही. मी रडून पाहिले, त्याने काही कळले नाही. भांडे ठोकले तेव्हा बरे वाटले.

एवढे लिहिले ते मी वाचून पाहिले. दोन ठिकाणी शाई सांडली आहे, तेथे काही लिहिलेले नव्हते.

तुळजाबाई, दिगंबरशेट तांबट यांची बायको. दस्तुर खुद्द.

साक्ष:

रज्जाक कल्हईवाले, कसबा पेठ. आजींनी माझ्यासमोर लिहिले. चौलापर्यंतचे खरे आहे, मी होतो. निशाणी.

नसीम, रज्जाक यांची बायको. निशाणी बांगडी.

धोंडशेट तांबट. वहिनींनी मला शेवटी बोलावले, म्हणून शेवटी लिहितो. सर्व वाचले. दुसरे, सहावे व आठवे कलम मान्य नाही. लोणच्याची गोष्ट महिन्याची नव्हती, पंधरा दिवसांची होती. वहिनी शुद्धीवर आहेत एवढ्याची साक्ष. घंगाळ आज हात लावून पाहिले. पत्रा ठीक आहे. कड्या दोनच आहेत, माधवाएवढा माणूस आत बसला तर उचलताना एका अंगाला कलेल. आणखी दोन कड्या हव्यात. त्या मी बसवून देतो.